एकवीस नंबरचं दार

वैशाख लागला की आमच्या अंबरनाथमध्ये कावळेसुद्धा टपरीच्या सावलीत उभे राहून एकमेकांना पंखांनी वारा घालतात. मी पाहिलंय. पालेगावच्या बाजूला जे काचांचे टॉवर उभे राहिलेत, त्यांच्यावर आपटून ऊन दुप्पट होऊन परत येतं. आमच्या शेजारणीने गेल्या वर्षी गच्चीवर उडदाचे पापड वाळत घातले, ते उन्हाने थेट भाजून दिले. तिने ते तसेच ताटात वाढले आणि गॅस वाचला म्हणून सोसायटीभर मिरवली. बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून आलेल्या बाया पुलाच्या पायथ्याशी पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात. दुपारी वारा एमआयडीसीकडून फिरला की त्या करवंदांनाही कंपनीचा वास लागतो. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्ही नाक वर करून कंपनी ओळखतो.

मोरू तर वासावरून सांगायचा, कुठल्या प्लांटात कुठली बॅच चढलीय. एकदा त्याने वासावरून तिथला शिफ्ट इनचार्ज कोण आहे तेही सांगितलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. यातलं अर्धं खरं आहे. कुठलं अर्धं, ते मोरूलाच विचारा.

यंदाही करवंदं आली, मांडवांच्या कमानी लागल्या, डीजेच्या दणक्याने खिडकीच्या काचा थरथरू लागल्या, आणि मला तो वैशाख आठवला. म्हणजे तो जातच नाही, पण या दिवसांत जरा जास्त जवळ येऊन बसतो. त्या वैशाखात मोरू आणि मी, दोघं पन्नाशीला टेकलेले बाप्ये, उल्हासनगरला चादरींच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर बसून एका बंद कारखान्याचं दार ठोकत होतो. तिथूनच, कॉम्प्युटरवरून.

हे जरा नीट सांगायला पाहिजे.

मोरू राहतो बदलापूरला, बेलवलीत. तो आणि मी अंबरनाथच्या एका केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूमला होतो. समोर भिंतभर स्क्रीन, त्यावर लाल-हिरवे ठिपके, आणि आम्ही त्या ठिपक्यांचे राजे. मोरूने बोट लावलं तर तिकडे बॉयलर शिंकायचा. मग एका थंडीत गेटवर पाटी लागली, प्लांट तात्पुरता बंद. तात्पुरता! या शब्दाइतका लांब शब्द मराठीत नाही. एकदा लागला की माणसाचं उरलेलं आयुष्य त्यात आरामात मावतं. बंद म्हटलं असतं तर आम्ही रडून, भांडून, दुसरीकडे गेलो असतो. तात्पुरत्याने आम्हाला धरून ठेवलं.

आमच्याच शिफ्टचा जगन मात्र लगेच निघून दहेजला गेला. गुजरातेत, मोठ्या कंपनीत. तिथे कंट्रोल रूममध्ये अजून एक जागा निघाली, ती त्याने मोरूसाठी साहेबाला सांगून अडवून धरली. राहायला खोली कंपनीची. अट एकच, वैशाख संपायच्या आत ये. मला त्याने बोलावलं नाही, कारण माझ्या थापा माझ्या आधी गुजरातला पोचल्या होत्या. पण मोरूला तो दर थोड्या दिवसांनी फोन करायचा.

“मोऱ्या, येतोस का नाय ते सांग. साहेब विचारतो.”

“थांब ना यार. इकडचं कळू दे.”

“इकडचं काय कळायचं राहिलंय? गेटला कुलूप आहे.”

“कुलूप बाहेरून आहे. आतलं तुला काय माहीत?”

त्या वैशाखात एवढाच प्रश्न होता. मोरूने जायचं की थांबायचं. प्लांट चालू होणार असेल तर जन्मभराची जागा सोडून परमुलखात नव्याने उमेदवारी करण्यात अर्थ नव्हता. होणार नसेल तर थांबण्यात नव्हता. आणि खरं काय ते सांगणारा माणूस कुठेच नव्हता. मालकांचे फोन बंद होते. युनियनवाले भेटले की दुसऱ्याच विषयावर तावातावाने बोलायचे.

घरी बसून बसून आम्ही बायकांच्या पायात यायला लागलो. मोरूची बायको सुनंदावहिनी गरीब गाय, ती काही बोलायची नाही, फक्त केर काढताना मोरूच्या खुर्चीभोवती झाडू जरा जोरात फिरवायची. माझ्या घरी झाडूची वाट पाहिली जात नसे. तर आम्ही दोघांनी क्लास लावला. उल्हासनगरला हरेश सर म्हणून एक सिंधी गृहस्थ होते. खाली भावाचं चादरींचं दुकान, वर यांचा कॉम्प्युटर क्लास. जिना इतका अरुंद की जाडा विद्यार्थी आत गेला की कोर्स संपेपर्यंत तिथेच राहायचा. सर नेटवर्किंग आणि पायथन शिकवायचे. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायची भाषा.

“काका, घाबरायचं नाय,” सर म्हणाले. “बहोत सिंपल आहे. ओळी लिहायच्या, बस. आप लोग तो बॉयलर चलाते थे.”

सिंपल! त्या भाषेत ओळ आत सरकवायची असली तर बोटभर सरकवायची, आणि सगळ्या ओळी त्याच रेषेत. एखादी जराशी पुढेमागे झाली की आख्खा प्रोग्राम लग्नातल्या मावशीसारखा रुसून बसतो, आणि का रुसलो ते इंग्रजीत सांगतो. आमच्या भोवती बसलेली पोरं खटाखट लिहायची. मोरू एकेक अक्षर व्हॉल्व्ह फिरवल्यासारखं दाबायचा, थोडं थांबून दाब बघायचा, मग पुढचं.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक प्रोग्राम करायचा होता. आमच्या वाट्याला पोर्ट स्कॅनर आला.

सरांनी फळ्यावर चाळ काढली. “समजा, हा कॉम्प्युटर म्हणजे एक चाळ. पत्ता एक, पण खोल्या पासष्ट हजार. त्या खोल्यांना पोर्ट म्हणायचं. एका खोलीत वेबसाईट राहते, एकीत ईमेल, एकीत फाईलींची देवघेव. बऱ्याचशा रिकाम्या. आपला प्रोग्राम काय करणार? एकेक दार ठोकणार आणि लिहून ठेवणार, कुठलं उघडं, कुठलं बंद.”

पासष्ट हजार खोल्यांची चाळ! मला तर तिथल्या नळावरचं भांडणच ऐकू यायला लागलं. पण मोरू गंभीर. त्याने विचारलं, “बंद म्हणजे कसं कळतं?”

तेव्हा सरांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. दार ठोकल्यावर तीन गोष्टी होतात. एक, आतून ओ येते, म्हणजे दार उघडं. दोन, आतून कोणीतरी ओरडतं, नाही, पुढे जा. ते झालं बंद, पण चाळ जिवंत आहे हे कळलं. आणि तीन, काहीच होत नाही. नाहीसुद्धा नाही. तुम्ही उभे. म्हणून प्रोग्रामात आधीच सांगून ठेवायचं असतं की किती वेळ वाट बघायची आणि मग निघायचं. ते सांगितलं नाही तर प्रोग्राम त्या दाराशी उभाच राहतो.

“नाही बोलणारा परवडला रे,” मोरू जिन्यात मला म्हणाला. “आपला मालक तिसऱ्यातला.”

प्रोग्राम झाला. फार मोठा नव्हता, स्क्रीनभर ओळींचा. आधी क्लासमधल्याच कॉम्प्युटरांची दारं ठोकली. सरांचा दंडक होता, “बिना परमिशन किसीका दरवाजा खटखटाओगे, तो पोलीस माझा दरवाजा ठोकेल. समझे ना साईं?” आणि मग एका दुपारी, पंखा गरम हवा ढवळत असताना, मोरूच्या डोक्यात ते आलं.

आमच्या कंट्रोल रूमचा कॉम्प्युटर रोज सकाळी आदल्या दिवसाचा रिपोर्ट फाईल करून ठेवायचा आणि हेड ऑफिस ती फाईल तिकडून उचलायचं. एकवीस नंबरच्या पोर्टवरून. एकवीस म्हणजे फाईलींच्या देवघेवीची खोली. इंटरनेट होतं गावातल्याच केबलवाल्याचं. मोरूचं म्हणणं साधं होतं. प्लांटला वीज असेल, कॉम्प्युटर चालू असेल, तर एकवीस नंबर ओ देईल. मेलेला असेल तर देणार नाही. गेटवर जाऊन काय कळणार? वॉचमनलाही आत सोडत नव्हते.

पण परवानगी? आता हे फक्त केमिकलवाल्यांनाच कळेल. आमच्याकडे वर्क परमिटशिवाय कोणी नट ढिला करत नाही. पाईप खोलायचा, परमिट. शिडी लावायची, परमिट. काय करायचं, कुठपर्यंत करायचं ते आधी ठरतं, काम झालं की परमिट बंद करतात. एका माणसाने एकदा परमिटमध्ये नव्हता तो व्हॉल्व्ह जरासाच खोलला, आणि त्याच्या भुवया शेवटपर्यंत उगवल्या नाहीत. त्याच्याच नाहीत, त्याच्या पुतण्याच्यासुद्धा नाहीत. तर मोरूने आमचे मॅनेजर सबनीस साहेब यांना फोन लावला. साहेबही आमच्यासारखेच घरी. कंपनीने त्यांना कागदावर ठेवलं होतं एवढंच.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मोरेश्वर, ठोकून बघा. पण नुसतं ठोकायचं. आत हात लावायचा नाही. बॉयलर आहे तो.” जरा थांबून म्हणाले, “आणि काय होतं ते मलाही कळवा.”

मॅनेजर साहेबांनी ऑपरेटरला विचारावं की आपला प्लांट जिवंत आहे का! पण तेव्हा आम्हाला त्यात काही भयंकर वाटलं नाही. परमिट मिळालं याचाच आनंद.

साहेबांनी सांगितलेला पत्ता घातला. मोरूने एंटर दाबलं. एकेक खोली गप्प. गप्प. गप्प. आणि एकवीसपाशी स्क्रीनवर उमटलं, ओपन.

मोरू असा उठला की त्याची खुर्ची खालच्या दुकानात जाऊन पडली असती, मधे जमीन आली म्हणून वाचली. त्याने माझा दंड धरला. “आहे. आहे रे. चालू आहे.” पोरं बघायला लागली. सर चहा सांगायला धावले. आम्ही साहेबांना फोन केला, साहेब इतका वेळ बोलले नाहीत की मला वाटलं तेही तिसऱ्यातले झाले. मग बारीक आवाजात म्हणाले, “उद्या परत बघा.”

मग रोज बघायचं. क्लासला पोचलं की आधी देवाला दिवा लावावा तसा एकवीस नंबर. सकाळी उशिरा उघडायचा, संध्याकाळपर्यंत चालू. मोरू म्हणाला, “जनरल शिफ्ट.” एक दिवस दिवसभर गप्प. मी घाबरलो. मोरूने आकाशाकडे बघून हिशेब केला, “मेंटेनन्सवाले आले असतील.” दुसऱ्या दिवशी उघडा! मग त्याने प्रोग्रामात भर घातली, उत्तर यायला किती वेळ लागला तेही दिसायला लागलं. उत्तर उशिरा आलं की मोरू म्हणायचा, “लोड आहे. स्टीम वाढवलीय.” लवकर आलं की, “आता सेट झालं.” थोड्याच दिवसांत त्या आकड्यांवरून तो मला बॉयलरचं प्रेशर सांगू लागला, आणि मी, जन्माचा थापाड्या, पहिल्यांदाच दुसऱ्याची थाप तोंड उघडं टाकून ऐकत होतो. वर मीही भर घालायचो. मी म्हणालो, मला वासही आला काल. आला होता की. वारा होता.

त्या दिवसांत मोरूची चाल बदलली. बेलवलीत भाजीवालीला म्हणायचा, “ट्रायल चालू आहे आमच्याकडे.” हळूहळू जुने कामगार मला रस्त्यात थांबवायला लागले, काय रे, ओ देतंय म्हणे? जगनचा फोन आला की मोरू हसायचा. “जगन्या, तूच परत ये. इकडे उत्तर येतंय.”

“कुणाचं उत्तर? माणसाचं?”

“कॉम्प्युटरचं.”

“मोऱ्या, माणसाला विचार रे,” जगन म्हणाला. “जागा मी धरून आहे. किती धरू?”

आता कधी पालेगावच्या टँकर पॉइंटवर जातो तेव्हा मोरू भेटतो. वैशाखात टॉवरांना पाणी पुरत नाही, टँकरची रांग लागते. मोरू तिथे पाईप लावून देतो. ज्याच्या बोटाखाली भिंतभर व्हॉल्व्ह होते त्याच्याकडे आता एकच आहे, तोही गळका, त्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. टँकर भरेपर्यंत तो व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा असतो. हात ठेवायची गरज नसते. मी एखादी फेकतो, बारवीत मगर आलीय, टँकरमधून पालेगावला उतरली, सेक्रेटरीने तिच्याकडे मेंटेनन्स मागितला. तो हसतो. हसणं कुठे थांबवायचं ते त्याला आधीपासून माहीत असल्यासारखं. मग पुढचा टँकर येतो. माझंही बरं चाललंय म्हणतात तसंच, मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतो. लोक कागद देतात, मी तसाच दुसरा काढून देतो. माझ्यासारख्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. एक अक्षर पदरचं घालता येत नाही.

तर परीक्षा. परीक्षा म्हणजे सगळ्यांसमोर आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा, भिंतीवरच्या टीव्हीवर. सरांनी आदल्या आठवड्यात म्हटलं, “काका, आपका अच्छा है, पण थोडा अजून वाढवा. दार उघडल्यावर आतला माणूस पहिलं वाक्य बोलतो, नमस्कार, मी अमुक. एकवीस नंबरवाला तर स्वतःहून बोलतो. ते ऐकून लिहून घ्यायचं. दोन-तीन ओळींचं काम आहे.”

एवढे दिवस आम्ही दार उघडं आहे एवढंच बघून परत फिरत होतो. ओ आली की वळायचं. परमिटच तेवढं होतं. मोरूने पुन्हा साहेबांना फोन केला, परमिट वाढवून घेतलं. साहेब म्हणाले, “ऐका. पण आपण काही बोलायचं नाही.” मोरूने ओळी लिहिल्या, क्लासच्या कॉम्प्युटरवर तपासल्या, आणि प्लांटचा पत्ता मुद्दाम परीक्षेसाठी ठेवला. सगळ्यांसमोर आमचा प्लांट बोलेल, नाव सांगेल. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाढी गुळगुळीत.

टीव्हीवर ओळी पळाल्या. गप्प, गप्प, गप्प. एकवीस, ओपन. मोरूने माझ्याकडे बघितलं. आणि त्याखाली आतल्या माणसाचं पहिलं वाक्य उमटलं. एका फोटो स्टुडिओचं नाव. आपले स्वागत आहे, वेडिंग आणि प्री-वेडिंग, फोटो आणि व्हिडिओ मिक्सिंग, उल्हासनगर.

पोरं हसली. त्यांना काय माहीत. मला वाटलं पत्ता चुकला. मी पुन्हा पाहिला. तोच होता.

हरेश सर जवळ आले, बघितलं, आणि त्यांना कळलं. हळूच म्हणाले, “काका, केबलवाल्याकडे पत्ते मोजके असतात. एकाची लाईन बंद झाली की तो पत्ता दुसऱ्या गिऱ्हाइकाला जातो. तुमची लाईन… कधीच बंद झाली असेल. पत्ता तोच, भाडेकरू बदलला.” मग टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले, “प्रोग्राम परफेक्ट आहे, साईं. एक गलती नाही.”

तेच तर. एक चूक नव्हती. त्याने पहिल्या दिवसापासून आम्हाला खरंच सांगितलं होतं, दार उघडं आहे. कुणाचं, ते आम्ही सांगत होतो त्याला. लग्नसराईत एका स्टुडिओवाल्याचा कॉम्प्युटर सकाळी उशिरा सुरू व्हायचा, संध्याकाळपर्यंत चालायचा, आणि कुणाच्या तरी हळदीचे फोटो चढत असले की उत्तर द्यायला वेळ लावायचा. ती आमची स्टीम.

जिन्यात मोरूने साहेबांना फोन केला. “साहेब, परमिट बंद करतोय.” सगळं सांगितलं. पलीकडून मला अस्पष्ट ऐकू आलं, “नीट वाचलंत ना, मोरेश्वर?” मोरू म्हणाला, “वाचलं साहेब. छापील होतं.” मग फोन खिशात टाकून तो जिना उतरला.

खाली चादरींच्या दुकानात कोणी घासाघीस करत होतं. बाहेर ऊन असं की डांबरावर चप्पल ठेवली तर ती तिथेच राहील आणि पाय पुढे जाईल. मोरू चालता चालता एकदम म्हणाला, “जगन आहे रे अजून. वैशाख संपायला वेळ आहे. आज सुनंदाशी बोलतो, रात्रीच फोन लावतो. काय?” मी म्हणालो, “लाव ना. जगन्या गाढव आहे, पण शब्दाचा आहे.” त्याच्याबरोबर मी बेलवलीपर्यंत गेलो. एकट्याला सोडवेना.

घराच्या अंगणात दोरीवर मोरूचा युनिफॉर्म वाळत होता. निळा शर्ट, निळी पँट, खिशावर कंपनीचं नाव. वहिनींनी ट्रंकेतून काढून, नीळ देऊन धुतला होता. त्या उन्हात केव्हाच वाळून कडक झाला होता.

वहिनी हात पुसत बाहेर आल्या. एवढ्या दिवसांत त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. “भावोजी, बरं झालं आलात. परीक्षा झाली ना? मग आता ड्युटीचं कधी कळवणार ओ हे लोक?”

मोरूने चपला काढून भिंतीशी लावल्या. मला म्हणायचं होतं काहीतरी. आयुष्यभर मी कुठल्याही प्रसंगी कुठलीही थाप मारलेली आहे.

“आणि ऐका ना,” वहिनी मोरूला म्हणाल्या, “जगनभावोजींचा फोन होता परवा, तुम्ही क्लासला होता. मी बोलले त्यांना, ह्यांची कंपनी चालू होतेय, आता ती जागा अडवून ठेवू नका, दुसऱ्या कोणाच्या घरचं भागेल. ते दोन-तीनदा बोलले, वहिनी नक्की ना? मी बोलले, नक्की. आज त्यांचा परत आला होता. तिकडच्याच एका पोराला लावला म्हणाले. बरं केलं ना मी?”

“बरं केलंस,” मोरू म्हणाला.

त्याने दोरीवरचा शर्ट काढला, झटकला, बाह्या सरळ केल्या, आणि परत तसाच वाळत घातला.